डोंगरनदीतला अ‍ॅलिगेटर

किस्किमिनेटस हे पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीचे नाव पिट्सबर्गमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी माणसालाही एका दमात घेता येत नाही. स्थानिक लोक तर ते घेतच नाहीत. ते नुसते ‘किस्की’ म्हणतात. सॉल्ट्सबर्ग या गावापाशी कॉनेमॉ नदी आणि लॉयलहॅना नावाचा मोठा ओढा एकत्र येतात, तिथून किस्की सुरू होते आणि 27 मैल वाहून फ्रीपोर्टजवळ अ‍ॅलेगेनी नदीला मिळते. दोन्ही बाजूंना दाट झाडीच्या टेकड्या, तळाशी गोटे, मधूनमधून उथळ खळखळाट आणि वळणावर एखादा खोल, काळसर डोह अशी ती अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलखातली साधी नदी आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये या नदीत अपोलो गावाच्या परिसरात मगरीच्या कुळातला एक अ‍ॅलिगेटर दिसला. पोलिसांनी लोकांना सावध राहायला सांगितले, पाण्यात उतरणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत असा इशारा दिला आणि काही दिवसांनी तो प्राणी पकडलाही गेला. कोणाला इजा झाली नाही. चार-पाच फुटांचा, म्हणजे वयात न आलेला अ‍ॅलिगेटर होता तो.

बातमी एवढीच होती आणि ती जगभर विनोदी बातमी म्हणून वाचली गेली. ऑगस्ट महिन्यात वर्तमानपत्रांना अशी बातमी हवीच असते. मला मात्र ती विनोदी वाटली नाही, आणि भीतिदायक तर अजिबात वाटली नाही. त्या प्राण्यापेक्षा त्याला तिथे आणणारी साखळी मला अधिक विचार करायला लावणारी वाटली.

त्या साखळीची एक कडी म्हणजे खुद्द नदी. किस्कीत अ‍ॅलिगेटर दिसला, कारण तो दिसावा म्हणून तिथे माणसे होती. कोणी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन उतरले होते, कोणी गळ टाकून बसले होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी असा प्राणी कोणी तिथे सोडला असता, तर तो पाहायला काठावर फारसे कोणी नसते, कारण त्या पाण्यात पकडायला मासाच नव्हता. या खोऱ्यात दीड शतक कोळसा काढला गेला. खाणीतल्या खडकात लोह आणि गंधक यांचे संयुग असते; त्याला हवा-पाणी लागले की त्याचे आम्ल होते, आणि खाण बंद पडल्यानंतरही ते आम्ल झऱ्यासारखे वाहतच राहते. त्यातले लोह तळाशी बसते आणि ओढ्याचे गोटे, काठावरची मुळे, पाण्यात पडलेली फांदी, सगळे गडद नारिंगी होते. या गाळाला इथले लोक ‘यलो बॉय’ म्हणतात. अपोलोजवळच्या रोअरिंग रन या पायवाटेने चालताना, म्हणजे जुन्या कालव्याच्या आणि मग रेल्वेच्या अवशेषांवरून जाताना, एखाद्या बारीक ओहोळाच्या तोंडाशी हा नारिंगी लेप आजही दिसतो. हात लावला तर बोटांना मऊ, बुळबुळीत पीठ लागते आणि धुतल्यावरही नखांच्या कडेला रंग राहतो. जुन्या पिढीने अख्खी नदी अशा रंगाची पाहिलेली आहे. पुढे खाणी बंद झाल्या, काही ठिकाणी ते पाणी आधी तळ्यांत मुरवून, चुनखडीवरून नेऊन मग नदीत सोडायची सोय झाली आणि हळूहळू स्मॉलमाउथ बास हा मासा परतला. माशामागून गळवाले आले, गळवाल्यांमागून कयाकवाले आले. एका मेलेल्या नदीचे पुन्हा नदी होणे ही खरी बातमी. पण ती सावकाश घडली, त्यामुळे तिला मथळा मिळाला नाही.

याच पाण्याच्या वरच्या अंगाला, कॉनेमॉच्या काठी, जॉन्सटाउन आहे. 31 मे 1889 रोजी साउथ फोर्कचे मातीचे धरण फुटले आणि 2209 माणसे गेली. ते धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी क्लबचे होते. डोंगरात आपल्याला तळे हवे, तळ्यात आपल्या आवडीचे मासे हवेत, एवढ्याच हौसेपायी ते राखले गेले होते आणि नीट राखले गेले नव्हते. त्या पुरातले मृतदेह पार सिनसिनाटीपर्यंत वाहत गेल्याची नोंद आहे. अ‍ॅलिगेटरबद्दल लिहिताना हे आठवायचे कारण म्हणजे हौस. या खोऱ्यात आपल्या हौसेसाठी निसर्गातली एखादी गोष्ट जवळ आणून ठेवायची आणि ती हाताबाहेर गेली की खालच्या अंगाच्या लोकांनी निस्तरायची, ही रीत नवी नाही. प्रमाणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे कबूल.

किस्कीचा अ‍ॅलिगेटर हा एकटादुकटा प्रकारही नव्हे. 2019 च्या उन्हाळ्यात पिट्सबर्ग शहरातच एकामागून एक असे अ‍ॅलिगेटर सापडले होते. एक तर रात्री कुत्र्याला फिरवायला निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला भेटला. त्या वेळी शहरात सगळीकडे हाच विषय होता. ऑफिसात, किराणा दुकानात, देवळाच्या प्रसादाच्या रांगेतसुद्धा. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलिगेटर पाळायला राज्याची बंदी नाही. वाघ, अस्वल, लांडगा पाळायचा तर परवाना लागतो; तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्यासाठी काउंटीकडून परवाना काढावा लागतो; अ‍ॅलिगेटरसाठी राज्य काही मागत नाही. त्याला नदी-नाल्यात सोडणे मात्र बेकायदा आहे. म्हणजे कायदा सुरुवातीला गप्प बसतो आणि शेवटी बोलतो. मधली दहा-पंधरा फुटांपर्यंतची वाढ आणि पन्नासेक वर्षांचे आयुष्य हे सगळे मालकाच्या सद्बुद्धीवर सोडलेले आहे.

किस्कीची बातमी आली तेव्हा मी ती सांगलीकडे, भिलवडीच्या आत्याला फोनवर सांगितली. तिला त्यात नवल वाटले नाही.

“अगं, त्यात काय एवढं? आमच्या नदीला मगरी काय कमी आहेत? घाटावर जायचं ते बघूनच जायचं.”

“आत्या, आमच्याकडे डिसेंबरात नदीच्या कडेनं बर्फ धरतो.”

ती क्षणभर थांबली. “बर्फ धरतो? मग तो तिथला नव्हेच. कुणीतरी आणून टाकलाय म्हणायचा.”

पोलीस, पत्रकार आणि तज्ज्ञ यांनी मिळून जे सांगितले, ते आत्याने एका वाक्यात सांगून टाकले. कृष्णाकाठच्या माणसाला हे कळते, कारण मगर तिथे बातमी नसून शेजार आहे, आणि तो शेजार काही गोड नाही. नदीवर गेलेल्या माणसांवर हल्ले झाले आहेत, जीव गेले आहेत, आणि वनखात्याने काय करावे यावर दर वर्षी वादही होतात. पण थंडीच्या दिवसांत सकाळी मगरी कुठल्या वाळूवर येऊन पडतात, कुठल्या डोहाशी जनावर पाण्यावर न्यायचे नाही, अंडी घालण्याच्या दिवसांत काठाच्या कुठल्या भागापासून लांब राहायचे, याचा हिशेब गावाच्या अंगात मुरलेला असतो. मगरीलाही नदीचा हिशेब ठाऊक असतो; ती काठात बीळ करते, ऊन-पावसाप्रमाणे जागा बदलते. किस्कीत यांपैकी काहीच नव्हते. प्राण्याला नदी ठाऊक नव्हती, आणि गावाला प्राणी.

अ‍ॅलिगेटरचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते, हे शाळेत शिकवतात, पण त्याचा अर्थ हिवाळा पाहिल्याशिवाय पोहोचत नाही. तापमान 21 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की त्याचे खाणे कमी होत थांबते, कारण अन्न पचवायला लागणारी ऊब शरीरात उरत नाही. गिळलेला मासा पोटात पचण्याऐवजी कुजू शकतो. म्हणून न खाणे हेच शहाणपण. साधारण 13 अंशांच्या खाली तो जवळजवळ निश्चल होतो. दक्षिणेकडच्या राज्यांत अशी थंडी काही दिवस किंवा काही आठवडे टिकते आणि मधूनच ऊन पडते. त्या उन्हात काठावर येऊन पडले की पुढचे काही दिवस निभावतात. नॉर्थ कॅरोलायनाचा किनारी पट्टा ही त्याच्या नैसर्गिक प्रदेशाची उत्तरेकडची सीमा. तिथे 2018 च्या जानेवारीत एक विलक्षण दृश्य टिपले गेले. ओशन आयल बीचजवळच्या एका दलदलीच्या उद्यानात पाणी गोठू लागताच अ‍ॅलिगेटरांनी नाकपुड्या पाण्याबाहेर काढून तशाच धरल्या आणि भोवती बर्फ गोठू दिला. वरून पाहिले तर पांढऱ्या सपाटीतून फक्त काळी नाके आणि काही दात वर आलेले. बाकीचे शरीर खाली, बर्फाखालच्या पाण्यात लोंबकळत, हृदयाचे ठोके अगदी मंद झालेले. बर्फ वितळला तसे ते पोहू लागले.

मात्र ही युक्ती चार-सहा दिवसांच्या थंडीसाठी आहे. किस्कीच्या खोऱ्यात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाणी हाताला चावते. त्यातून दक्षिणेतला अ‍ॅलिगेटर उन्हाळाभर भरपूर खाऊन, चरबी साठवून, ओळखीच्या बिळात शिरून थंडीला तोंड देतो. घरातल्या दिव्याखाली, गरम केलेल्या टाकीत वाढलेला अ‍ॅलिगेटर ऑगस्टमध्ये एका अनोळखी नदीत पडला, तर ऑक्टोबरपर्यंत त्याने हे सगळे कधी आणि कोणाकडून शिकायचे? यांगत्सेच्या खोऱ्यातला चिनी अ‍ॅलिगेटर हा त्याचा एकमेव हयात भाऊबंद; तो वर्षातले सहा-सात महिने जमिनीखालच्या लांब, फाटे फुटलेल्या बिळात काढतो. पण ती बिळे खणणे हे त्या जातीचे परंपरेने आलेले काम आहे. पिट्सबर्गच्या बाथटबमध्ये वाढलेल्याला ते येईल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

ज्याला नदी मिळाली तो तरी उन्हाळ्यात सापडला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या प्रॉस्पेक्ट पार्कच्या तळ्यात 19 फेब्रुवारी 2023 रोजी, म्हणजे ऐन थंडीत, एक चार फुटी मादी अ‍ॅलिगेटर सापडली. ती इतकी गारठलेली होती की तिला उचलायला फारसे कष्ट पडले नाहीत. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन वजन केले तर ते 15 पौंड भरले. त्या लांबीच्या प्राण्याचे वजन त्याच्या दुपटीहून अधिक असायला हवे. क्ष-किरण चित्रात पोटात न्हाणीच्या टबाचे बूच दिसले, चार इंच रुंद. तिला नळीने अन्न दिले, औषधे दिली, तरी एप्रिलमध्ये ती गेली. लोकांनी तिचे नाव ‘गॉडझिला’ ठेवले होते. मला त्या सगळ्या प्रकरणात ते बूच सर्वांत बोलके वाटते. ती कुठे राहत होती, कशात राहत होती आणि तिच्याकडे किती लक्ष होते, हे वेगळे कोणी सांगायची गरजच उरत नाही.

आता किस्कीकडे पुन्हा येते, कारण या नदीच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे जी मथळ्यांमध्ये कुठेच आली नाही. किस्की अ‍ॅलेगेनीला मिळते. अ‍ॅलेगेनी पिट्सबर्गच्या टोकाशी मोनोंगहेलाला मिळते आणि तिथे ओहायो नदी सुरू होते. ओहायो 981 मैल वाहून इलिनॉयच्या दक्षिण टोकाशी, कैरो गावाजवळ, मिसिसिपीत उतरते. आणि मिसिसिपी लुइझियानाच्या दलदलींतून समुद्राला मिळते. त्या दलदलींत अ‍ॅलिगेटर लाखोंनी आहेत, आणि त्या जातीच्या शास्त्रीय नावातही मिसिसिपीच आहे. म्हणजे अपोलोच्या पुलाखालून जाणारे पाणी काही आठवड्यांनी त्या प्राण्याच्या मूळ घरी पोहोचणारे पाणी आहे. हे काही परके खोरे नव्हे. एकाच नदीसंस्थेचे हे अगदी वरचे, थंड टोक आहे. पण पाण्याला जे जमते ते त्याला जमणारे नाही. मध्ये ओहायोवर जहाजांसाठी बांधलेले बंधारे आणि त्यांचे दरवाजे आहेत, औद्योगिक काठ आहेत, आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे निदान एक हिवाळा तरी आहे. शिवाय खाली जायचे आहे, हे त्याला सांगणार कोण?

तो वर कसा आला, हे मात्र सांगता येते. अ‍ॅलिगेटरची मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला गवत, पाने, चिखल यांचा ढीग रचून त्यात तीस-चाळीस अंडी घालते. तो ढीग कुजू लागतो आणि त्या कुजण्याच्या उष्णतेवर अंडी उबतात. आपल्याकडच्या उकिरड्याच्या खतात हात घातला की जशी वाफ लागते, तीच ही ऊब. पिल्लू नर की मादी हे या उष्णतेवर ठरते. साधारण 33 अंशांच्या आसपास नर, त्याहून तीनेक अंश कमी असेल तर मादी. दोन महिन्यांनी पिल्ले अंड्याच्या आतूनच आवाज देतात, मग आई ढीग उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. पुढे वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ ती त्यांच्या आसपास असते.

लुइझियानात ही अंडी परवान्याने गोळा करून शेतांवर उबवतात. कातडे घड्याळाच्या पट्ट्यांना आणि महागड्या पिशव्यांना जाते, मांस हॉटेलांत जाते आणि ठरावीक प्रमाणात वाढलेले अ‍ॅलिगेटर पुन्हा दलदलीत सोडावे लागतात. या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही; उलट, 1967 मध्ये नामशेष होण्याच्या यादीत गेलेली ही जात 1987 मध्ये धोक्याबाहेर जाहीर झाली, त्यात दलदलीला पैशात किंमत आल्याचा वाटा आहे. पण बंदिस्त पैदाशीतली काही पिल्ले सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जत्रांमध्ये येतात. अशा एका जत्रेत मी एक पिल्लू जवळून पाहिले. वीतभर लांबीचे, काळे कुळकुळीत, अंगावर पिवळे आडवे पट्टे, पोट पांढरेशुभ्र. बोटभर पाण्याच्या पारदर्शक डब्यात ते पुढचे दोन पाय कडेवर टेकून उभे होते आणि मधूनच एक बारीक, चिरका आवाज काढत होते. तो आवाज आईला बोलावण्याचा असतो. डब्याशी उभ्या असलेल्या मुलाच्या बापाला विकणारा सांगत होता की टाकी जेवढी ठेवाल तेवढाच तो वाढतो. ही समजूत या धंद्याइतकीच जुनी आहे आणि तितकीच खोटी. लहान टाकीतला अ‍ॅलिगेटर लहान राहत नाही. नीट खाणे मिळाले तर पहिली काही वर्षे तो वर्षाला फूटभर वाढतो, आणि न मिळाले तर त्याची हाडे वाकडी होतात. त्या बापाने पिल्लू घेतले की नाही ते मी पाहिले नाही, कारण मला तिथे थांबवेना.

ही हौस आजकालची नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लोरिडाला गेलेला पर्यटक अ‍ॅलिगेटरचे पिल्लू आठवण म्हणून घरी आणी किंवा टपालाने पाठवी. अमेरिकी टपालखात्याच्या नियमावलीत 20 इंचांपर्यंतची अ‍ॅलिगेटरची पिल्ले पाठवण्याची तरतूद चालत आली आहे, हे वाचून मी ते पान पुन्हा वाचले होते. 1935 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ईस्ट 123व्या रस्त्यावर बर्फ ढकलणाऱ्या पोरांना गटाराच्या तोंडाशी सुमारे आठ फुटी अ‍ॅलिगेटर दिसला. त्यांनी दोरीने वर ओढला, त्याने जबडा उघडताच फावड्यांनी मारला. गटारातल्या अ‍ॅलिगेटरांची सगळी दंतकथा तिथून फोफावली. त्या दंतकथेत अ‍ॅलिगेटर गटारात सुखाने नांदतो आणि माणसांची वाट पाहतो. वस्तुस्थितीत तो अर्धमेल्या अवस्थेत वर आला होता आणि माणसे त्याची वाट पाहत होती.

उलट टोकाचे उदाहरण म्हणजे पेनसिल्व्हेनियातलाच वॉली. हा अ‍ॅलिगेटर मालकाच्या मानसिक आधाराचा प्राणी म्हणून ओळखला जाई. गळ्यात पट्टा, लोकांच्या मांडीवर बसून फोटो. 2023 च्या सप्टेंबरमध्ये त्याला फिलाडेल्फियाच्या बेसबॉल मैदानात प्रवेश नाकारला गेला आणि तो देशभर प्रसिद्ध झाला. पुढच्या एप्रिलमध्ये जॉर्जियात सहलीला नेले असताना तो नाहीसा झाला. त्याला कोणी चोरून नेले असे मालकाचे म्हणणे होते. वॉलीचे मालक त्याच्यावर प्रेम करत असणार, याबद्दल मला शंका नाही. पण वॉलीचा प्रत्येक फोटो पाहून किती जणांना वाटले असेल की हे आपल्यालाही जमेल, हा प्रश्न मनातून जात नाही.

एवढे लिहून झाल्यावर डोंगरात अ‍ॅलिगेटर अस्थानी असतो हे ठामपणे म्हणायला हरकत नसावी, पण डोंगरच आड येतो. टेनेसीच्या ईशान्य कोपऱ्यात, अ‍ॅपलेशियन रांगांच्या ऐन मध्यात, ग्रे नावाचे गाव आहे. 2000 साली तिथे राज्यमार्ग 75 रुंद करताना काळी, चिकट माती लागली, आणि त्या मातीत हाडे. जवळजवळ पन्नास लाख वर्षांपूर्वी तिथे जमीन खचून एक तळे झाले होते. त्या तळ्यात आणि त्याच्या काठी काय होते? आखूड सोंडेचे टॅपिर होते, मोठ्या संख्येने, ऱ्हायनो होते, आज हिमालयात आढळणाऱ्या रेड पांडाचा एक नातलग होता, आणि अ‍ॅलिगेटर होते. रस्ता वळवला गेला आणि तिथे आता विद्यापीठाचे संग्रहालय आहे. म्हणजे याच पर्वतरांगेत, किस्कीच्या दक्षिणेला काही शे मैलांवर, अ‍ॅलिगेटर कोणी न आणता राहत होता. तेव्हा ऊब होती, आणि ती गेली तसा तो समुद्राच्या दिशेने उतरला. डोंगराचे आणि त्याचे वैर नाही. त्याचे जमत नाही ते हिवाळ्याशी.

पण म्हणून ‘पूर्वी होताच की’ या युक्तिवादाने आजच्या सोडून देण्याला सूट देता येत नाही. हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो आळशी आहे. अ‍ॅलिगेटर निदान मरून प्रश्न संपवतो. त्याच मिसिसिपीच्या खोऱ्यातले लाल कानाचे कासव मात्र मरत नाही. मुंबई-पुण्याच्या बाजारांत दोन इंची हिरवेगार पिल्लू म्हणून विकले गेलेले, लक्ष्मी येते म्हणून घरात ठेवलेले, आणि ताटलीएवढे झाल्यावर देवळाच्या तळ्यात किंवा शहराच्या तलावात सोडलेले हे कासव आपल्या हवेत मजेत जगते आणि आपल्या कासवांच्या जागेवर, खाण्यावर हक्क सांगते. 2023 च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात शेवाळ काढताना अ‍ॅलिगेटर गार नावाचा, मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकी मासा सापडला; तोही मिसिसिपीकडचाच. पाळण्याच्या हौसेने हे प्राणी जिथे नेले तिथे ज्यांना हिवाळा मारतो त्यांची बातमी होते, आणि ज्यांना मारत नाही त्यांची वस्ती होते.

पकडलेल्या अ‍ॅलिगेटरचे पुढे काय करायचे, हा प्रश्न बातमीत क्वचितच येतो. त्याला ‘घरी’ पाठवा, असे लोक सहज म्हणतात. पण फ्लोरिडात माणसांना सरावलेल्या, चार फुटांवरच्या अ‍ॅलिगेटरची तक्रार आली तर त्याला दुसरीकडे नेऊन सोडत नाहीत. तो पकडणाऱ्याच्या मालकीचा होतो आणि बहुधा मारला जातो. जिथे स्थानिकांनाच जागा नाही, तिथे पेनसिल्व्हेनियाच्या न्हाणीघरात वाढलेल्याला कोण घेणार? हौशी बचावकर्त्यांची तळघरे आधीच भरलेली असतात.

अशांपैकी काहींना शेवटी जागा मिळाली ती, गंमत पाहा, डोंगरातच. कोलोरॅडोच्या सॅन लुइस खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 7600 फुटांवर, मोस्का गावाजवळ एका कुटुंबाने तिलापिया माशांची शेती सुरू केली होती, कारण तिथे जमिनीखालून 30 अंशांच्या आसपासचे गरम पाणी वर येते. मेलेल्या माशांची विल्हेवाट लावायला त्यांनी 1987 मध्ये अ‍ॅलिगेटरची शंभर पिल्ले आणली. पिल्ले वाढली, लोक पाहायला येऊ लागले, 1990 मध्ये तिकीट लागले. मग देशभरातून लोक नकोसे झालेले अ‍ॅलिगेटर, अजगर, कासवे तिथे आणून देऊ लागले. हॉलिवूडच्या चित्रपटांतून कामे केलेला मॉरिस नावाचा अ‍ॅलिगेटरही तिथेच होता. तो लॉस एंजेलिसमध्ये कोणीतरी बेकायदा पाळलेला सापडला होता, पडद्यावर कामे करून 2006 मध्ये निवृत्त झाला आणि 2025 च्या मे महिन्यात, ऐंशीच्या पुढच्या वयात, म्हातारपणाने गेला. पाळीव अ‍ॅलिगेटरांच्या वाट्याला असे म्हातारपण फारसे येत नाही. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, काठावर बर्फ साचतो, आणि जोवर ते गरम पाणी वाहते तोवर प्राणी तग धरतात. खाण्याचा खर्च पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटातून निघतो. किस्कीच्या खोऱ्यात गरम झरे नाहीत. तिथे सापडणाऱ्या पुढच्या अ‍ॅलिगेटरला ऑक्टोबरच्या आत कोणीतरी पाहिले तर बरे, आणि मुळात त्या डब्याशी उभ्या असलेल्या बापाने खिशात हात घालण्याआधी दोन प्रश्न विचारले तर त्याहून बरे.